भूकंपबळींचा नकाशा आणि मरोळचे रिकामे रकाने

मरोळ नाक्याला केंद्र मानून दीड-दोन किलोमीटरचे वर्तुळ आखले, तर मुंबईतील बांधकामाचा बहुतेक सारा इतिहास त्यात मावतो. गावठाणातील उतरत्या छपरांची जुनी घरे, चिमटपाडा आणि सागबागेतील एकीवर एक चढलेल्या खोल्या, मिठी नदीच्या काठाने पसरलेल्या वस्त्या, एम.आय.डी.सी.तील गाळे, विजयनगर आणि मिलिटरी रोडच्या बाजूच्या सोसायट्या, सीप्झची वसाहत आणि अलीकडच्या काळात उभी राहिलेली काचेची कार्यालये. या परिसरात २०१४ पासून डोक्यावरून मेट्रो धावते आणि २०२४ पासून पायाखालूनही.

भूकंपाच्या अधिकृत नकाशात मात्र या साऱ्याला एकच रंग मिळाला. भारतीय मानक ब्यूरोने २००२ साली प्रसिद्ध केलेल्या संहितेत देशाचे दोन ते पाच असे चार भूकंपप्रवण विभाग पाडण्यात आले. त्यात संपूर्ण मुंबई तिसऱ्या विभागात आली. मरोळ, मलबार हिल आणि मानखुर्द या तिन्ही ठिकाणी धोका सारखाच, असा त्याचा शब्दशः अर्थ होतो. हा रंग चुकीचा नाही. जमीन किती हादरू शकेल, एवढेच तो सांगतो. माणसे कोठे आणि का दगावतील, हे समजण्यासाठी त्या रंगावर आणखी काही थर चढवावे लागतात. जमिनीचा थर, बांधकामाचा थर आणि कोणत्या वेळी कोण कोठे असते याचा थर. भौगोलिक माहिती प्रणाली, ज्याला सर्वत्र जी.आय.एस. म्हणतात, ती हे थर एकमेकांवर अचूक बसवते. तथापि थरातील माहिती मात्र माणसांनाच गोळा करावी लागते.

हा विषय आज निकडीचा होण्याचे कारण जनगणनेत आहे. २०२७ च्या जनगणनेचा पहिला टप्पा असलेल्या घरयादीसाठी एप्रिल ते सप्टेंबर २०२६ हा काळ मुक्रर करण्यात आला. प्रत्येक इमारतीचे स्थान डिजिटल नकाशावर नोंदवण्याचेही ठरले. घराची जमीन, भिंत आणि छप्पर कशाचे आहे, हे प्रश्न त्या यादीत असतात. भूकंपबळींचा अंदाज बांधणाऱ्यांना नेमके हेच हवे असते. पण एवढेच पुरेसे आहे काय? याचे उत्तर शोधण्यासाठी मरोळहून आधी मराठवाड्यात आणि नंतर कच्छमध्ये जावे लागेल.

पहाटेचे ३.५६

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे झोपी गेली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर जमीन हादरली. भूकंपाची तीव्रता ६.२ होती. सहा ते सात या दरम्यानच्या तीव्रतेचे शंभराहून अधिक भूकंप जगात दरवर्षी होतात. त्यांतील बहुसंख्य भूकंपांची बातमीही होत नाही. किल्लारीच्या भूकंपाने सुमारे आठ हजार माणसे मारली. त्या वेळच्या अधिकृत नकाशात हा प्रदेश सर्वांत कमी धोक्याच्या, पहिल्या विभागात होता. १९९२ मध्ये तेथे लहान धक्के बसले होते आणि ग्रामस्थ भयभीतही झाले होते. नकाशाचा रंग तेवढ्याने बदलला नाही.

किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, पेठसांगवी, होळी. तेरणेच्या दोन्ही बाजूंच्या या गावांची नावे तेव्हा घराघरांत पोहोचली. मृत्यूंचा दाट पट्टा केंद्राभोवतीच्या थोड्या किलोमीटरांत होता, हे खरे. पण त्याच पट्ट्यात एकाच गल्लीतील दोन घरांचे नशीब वेगळे झाले होते. त्याचे कारण भिंतीत होते. दोन-अडीच फूट जाडीच्या, चिखलात रचलेल्या दगडी भिंती आणि वर लाकडी तुळयांवर जाड मातीचे माळवद. पाऊस आणि ऊन यांच्यापासून बचाव करणारे हे घर भूकंपात मात्र थडगे ठरले. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधणारे आरपार दगड नव्हते. हादऱ्याने दोन्ही थर सुटे झाले, पोट फुगून भिंत बसली आणि माळवदाची सारी माती झोपलेल्यांच्या अंगावर आली. ढिगाऱ्यात हवेला जागाच उरली नाही. गरिबाचे कुडाचे, पत्र्याचे किंवा गवती छपराचे घर तुलनेने तगले. चांगल्या परिस्थितीतील कुटुंबाची जाड भिंत त्याच्या जिवावर उठली. गरीब तेथे जास्त बळी, हा सर्वसाधारण समज किल्लारीच्या नकाशाने असा अंशतः खोडून काढला.

त्या वेळी शासनाने नुकसानीच्या प्रमाणात गावांची वर्गवारी केली. ५२ गावांचे पूर्ण स्थलांतर झाले, इतर ठिकाणी जागेवरच बांधणी व दुरुस्ती झाली. प्रशासनाच्या दृष्टीने गाव हे एकक सोयीचे होते. गाव कोणत्या गटात पडते, यावर मदत ठरत होती. पण गाव हे एकक धरले की घराघरांतील फरक पुसला जातो. कुडाचे घर का वाचले आणि शेजारची दगडी भिंत का पडली, ही माहिती भरपाईच्या हिशेबाला लागत नव्हती. पुढच्या भूकंपाला ती लागणार होती.

हा धडा पुढे राष्ट्रीय पातळीवर एका दस्तऐवजात उतरला. केंद्र सरकारच्या 'बी.एम.टी.पी.सी.' या संस्थेने १९९७ साली भारताचा आपत्तिप्रवणता नकाशासंग्रह प्रसिद्ध केला. २००६ आणि २०१९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. जनगणनेत नोंदलेली भिंत आणि छप्पर यांच्या प्रकारांवरून कोणत्या जिल्ह्यात किती घरे कितपत धोक्यात, हे त्यात दाखवले आहे. कल्पना साधी आणि भक्कम आहे. किल्लारीची भिंत या रकान्यात बरोबर सापडते.

अहमदाबादचे खांब, अंजारची गल्ली

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास कच्छमध्ये ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. गुजरातमध्ये सुमारे १३,८०० माणसे मृत्युमुखी पडली. भुज, भचाऊ, अंजार, रापर येथील विध्वंस अपेक्षित म्हणता येईल, कारण ती शहरे केंद्राच्या जवळ होती. अहमदाबाद दोनशे किलोमीटरहून अधिक दूर होते. तरीही तेथे अनेक बहुमजली इमारती कोसळल्या आणि सातशेहून अधिक माणसे गेली. शेजारच्या इमारती उभ्या होत्या.

तज्ज्ञांच्या पाहणीत दोन बाबी पुढे आल्या. साबरमतीच्या गाळाच्या जाड थरांनी दुरून आलेल्या संथ लहरी वाढवल्या. आणि पडलेल्या बहुतांश इमारतींचा तळमजला मोकळा होता. वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींचा ताठरपणा, खाली मोटारी लावण्यासाठी नुसते खांब. हादऱ्याचा सारा हिसका त्या खांबांच्या माथ्यावर आणि पायथ्याशी एकवटला. जनगणनेच्या भाषेत ही सारी 'पक्की' घरे होती. भिंत विटांची, छप्पर काँक्रीटचे. किल्लारीचा बळी घेणारी भिंत त्या रकान्यात दिसते. अहमदाबादचा बळी घेणारा खांब दिसत नाही.

२००२ च्या संहितेने अशा मोकळ्या तळमजल्याच्या खांबांसाठी जादा बळकटीची अट घातली. त्याआधी बांधलेल्या इमारतींना ती अट अर्थातच लागू नव्हती.

दुसरा प्रसंग अंजारचा. प्रजासत्ताक दिनाची प्रभातफेरी शहरातील एका चिंचोळ्या रस्त्यावरून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे त्या फेरीवर कोसळली. सुमारे १८५ शाळकरी मुले आणि त्यांचे शिक्षक तेथे दगावले. ही मुले त्या क्षणी घरी नव्हती, शाळेतही नव्हती. घरांच्या आणि शाळांच्या नोंदींवरून कितीही काटेकोर नकाशा केला असता, तरी त्या गल्लीत एवढी माणसे त्याने दाखवली नसती. भूकंप तासभर आधी किंवा नंतर झाला असता, तर या मुलांच्या नशिबी दुसरे काही आले असते. ते काय असते, हे मात्र त्यांची घरे आणि वर्ग कशाचे बांधलेले होते यावर अवलंबून होते.

म्हणूनच भूकंपहानीचा अंदाज करणाऱ्या अमेरिकेतील 'हॅझस' या संगणकीय पद्धतीत एकाच भूकंपाचे गणित तीन वेळांसाठी मांडतात: रात्रीचे दोन, दुपारचे दोन आणि सायंकाळचे पाच. माणूस अंथरुणात, माणूस कामावर, माणूस रस्त्यावर.

दुपारचे मरोळ

ही तीन घड्याळे मरोळला लावून पाहावीत. रात्री दोन वाजता सीप्झ आणि एम.आय.डी.सी.चा बराच भाग ओस असतो. माणसे सोसायट्यांत, चाळींत आणि वस्त्यांतील पोटमाळ्यांवर झोपलेली असतात. दुपारी दोन वाजता चित्र उलटते. सोसायट्यांत वृद्ध, लहान मुले आणि घरकामाला आलेल्या बायका उरतात. गाळे आणि कार्यालये विरार, कल्याण, पनवेलकडून आलेल्या माणसांनी भरतात. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या सीप्झमधील दागिने आणि सॉफ्टवेअरच्या उद्योगांतील हजारो कर्मचारी याच गर्दीतले. सायंकाळी अंधेरी-कुर्ला रस्ता आणि मेट्रोच्या दोन्ही स्थानकांचे जिने ही मरोळची अंजारची गल्ली असते.

समजा, एका इमारतीत २४ सदनिका आहेत आणि प्रत्येक घरी चार माणसे. रात्री तेथे ९६ जण असतील, दुपारी कदाचित तीस. शेजारच्या चार मजली औद्योगिक गाळ्यांत रात्री दोन रखवालदार, दुपारी दोनशे कामगार. जनगणना माणसाला तो झोपतो तेथे मोजते. २०११ च्या जनगणनेने ज्या के पूर्व विभागात मरोळ येते, तेथे आठ लाखांहून अधिक लोकसंख्या नोंदली. ही आठ लाखांची संख्या रात्रीची आहे. दुपारच्या भूकंपातील मृतांची नावे या विभागाच्या यादीत कितपत सापडतील? बेपत्ता माणसाची चौकशी नालासोपाऱ्यात होईल आणि ढिगारा मरोळला उपसला जात असेल.

आता जमिनीचा थर. महाकाली लेण्यांच्या बाजूला बेसाल्टच्या घराण्यातला कठीण खडक आहे. पूर्वेला मिठी नदी पवई आणि विहार तलावांच्या सांडव्यापासून निघून मरोळ, साकीनाका, विमानतळ असा प्रवास करत माहीमच्या खाडीला मिळते. तिच्या काठी गाळ आहे आणि त्यावर अनेक दशकांचा भराव. खडकावर लहर लवकर निघून जाते, मऊ थरात ती रेंगाळते आणि वाढते. मेक्सिको सिटीत १९८५ साली आणि बँकॉकमध्ये २८ मार्च २०२५ रोजी हेच घडले. बँकॉकमध्ये तर केंद्र सुमारे एक हजार किलोमीटर दूर, म्यानमारमध्ये होते; तरीही बांधकाम सुरू असलेली एक उंच सरकारी इमारत क्षणार्धात ढासळली. मुंबईला धोका केवळ मुंबईखालच्या भूकंपाचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप मुंबईत जाणवला होता, २००१ चा कच्छचाही. २०१८ च्या नोव्हेंबरपासून डहाणू-तलासरी परिसरात धक्क्यांची मालिका सुरू झाली, ते अंतर तर फारच थोडे.

मिठीकाठाला नकाशाचे महत्त्व मुंबईने एकदा भारी किंमत देऊन ओळखले आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर माधवराव चितळे समितीने नदीचा आणि शहराच्या निचऱ्याचा अभ्यास केला, मिठीसाठी स्वतंत्र प्राधिकरण आले आणि २०२० मध्ये पुराची पूर्वसूचना देणारी 'आयफ्लोज' ही प्रणाली सुरू झाली. पाणी कोठे भरेल, हे आता विभागवार सांगता येते. पुराचा नकाशा शहराच्या अंगवळणी पडला, कारण पूर दर पावसाळ्यात आठवण करून देतो. भूकंप तशी आठवण करून देत नाही.

तीन वह्या

या दिशेने मुंबईत काहीच विचार झाला नाही, असे नव्हे. आय.आय.टी. मुंबईचे रवी सिन्हा आणि एन. आदर्श यांनी १९९९ मध्येच मुंबईतील संभाव्य भूकंपहानीचे कल्पित चित्र मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. त्यानंतरच्या पाव शतकात शहराचे रूप पालटले आणि हाताशी असलेली माहितीही वाढली. ती तीन वेगवेगळ्या कामांसाठी तीन वेगवेगळ्या वह्यांत लिहिली गेली.

पहिली वही मालमत्ता कराची. २०१० पासून मुंबई महापालिकेने भांडवली मूल्यावर आधारित करपद्धती लागू केली. कर ठरवताना इमारतीच्या बांधकामाचा प्रकार, तिचे वय, वापर, क्षेत्रफळ आणि मजला यांचा हिशेब होतो. भूकंप अभियंत्याला हव्या असलेल्या माहितीपैकी निम्म्याहून अधिक माहिती अशा रीतीने करवसुलीच्या निमित्ताने जमा होते, ही गंमतच म्हणायची. दुसरी वही संरचनात्मक तपासणीची. तीस वर्षांहून जुन्या इमारतींना ती करून घेणे बंधनकारक आहे आणि अतिधोकादायक इमारतींची यादी पालिका पावसाळ्यापूर्वी जाहीर करते. तिसरी वही जनगणनेची. कराच्या वहीत क्वचितच सापडणारी झोपडपट्टीतील खोली तिच्यात सापडते.

तिन्ही वह्या एकाच नकाशावर आणल्या, तरी दोन रकाने रिकामे राहतात. तळमजला मोकळा आहे काय, आणि दुपारी आत किती माणसे असतात. पहिला रकाना भरायला फारसे तंत्रज्ञान लागत नाही. रस्त्यावर उभे राहून इमारतीची झटपट पाहणी करण्याची पद्धत जगभर रूढ आहे आणि मोकळा तळमजला पदपथावरूनही दिसतो. दुसऱ्याची माहितीही विखुरलेल्या स्वरूपात आहे. मेट्रोची फाटके तासागणिक प्रवासी मोजतात, सीप्झमध्ये ओळखपत्राशिवाय प्रवेश नाही, कारखान्यांकडे हजेरीपट असतात. वैयक्तिक नावे न घेता केवळ संख्या नकाशावर आणता येते.

खरा अडसर निराळा आहे. धोकादायक इमारतींच्या यादीत नाव येणे म्हणजे काय, हे मुंबईकर रहिवासी चांगले जाणतो. घर रिकामे करण्याची नोटीस, वीज-पाणी तोडण्याची धास्ती, संक्रमण शिबिर आणि परतीची अनिश्चिती. सोसायटीच्या सभेत सदनिकेचा भाव पडेल ही भीती आधी बोलली जाते, खांबांची स्थिती नंतर. अशा स्थितीत इमारतीवर लाल ठिपका ठेवणारा नकाशा रहिवाशांना शत्रूसारखा वाटला, तर दोष त्यांचा नाही. ठिपक्यासोबत खांब मजबूत करण्याचा खर्च कोण उचलणार आणि माणसाला घरातच ठेवून ते काम होईल काय, याचे उत्तर आले, तरच दार उघडले जाईल. मोकळ्या तळमजल्यात ठरावीक ठिकाणी भिंती घालणे किंवा खांबांना आवरण देऊन त्यांचा आकार वाढवणे ही कामे सर्वसाधारणपणे पुनर्विकासापेक्षा बरीच स्वस्त असतात. मात्र त्यातून बिल्डरला जादा चटईक्षेत्र मिळत नाही.

भूकंपानंतरच्या नकाशांविषयी एक इशारा द्यायला हवा, कारण उपग्रहांवर अलीकडे फार भिस्त ठेवली जाते. हैतीत २०१० मध्ये आणि नेपाळमध्ये २०१५ साली जगभरातील स्वयंसेवकांनी घरबसल्या रस्ते व इमारती नकाशावर उतरवल्या, मदत पथकांना त्यांचा मोठा उपयोग झाला. पण वरून पाहणाऱ्या डोळ्याला फक्त छप्पर दिसते. तळमजला चिरडून इमारत सरळ खाली बसली, तर तिची गच्ची शाबूत दिसते आणि ती 'सुस्थितीत' गणली जाण्याचा संभव असतो. अहमदाबादसारखी पडझड उपग्रहाला सर्वांत कठीण, आणि मरोळमधील अनेक इमारती त्याच घडणीच्या आहेत. वस्त्यांतील पत्र्याखाली काय झाले, हेही वरून कळत नाही. भूकंपापूर्वी कोणत्या इमारतीत किती मजले होते आणि तळमजला कसा होता, ही नोंद असेल, तरच नंतरच्या छायाचित्रातील फरक ओळखता येतो.

नकाशावरील रुग्णालयाच्या खुणेचेही तसेच. मरोळ एम.आय.डी.सी.तील कामगार रुग्णालयाला डिसेंबर २०१८ मध्ये आग लागून जीवितहानी झाली आणि ज्या इमारतीत जखमींनी जायचे, तिच्यातूनच रुग्णांना शिड्यांवरून खाली उतरवावे लागले. रुग्णालय, अग्निशमन केंद्र, शाळा यांच्या इमारती नकाशावर मदतीच्या रंगात रंगवल्या जातात. त्या स्वतः कोणत्या सालच्या आहेत, गाळावर आहेत की खडकावर, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला कोणत्या इमारती उभ्या आहेत, हे तपासण्याचे काम त्याच नकाशावर होऊ शकते. मरोळ-मरोशी मार्गावर दोन्ही बाजूंच्या इमारतींतील एकजरी रस्त्यावर आडवी झाली, तरी रुग्णवाहिकेला कोणत्या गल्लीतून वळावे लागेल, एवढा साधा प्रश्न त्यावर घालून पाहता येतो.

घरयादीचा प्रगणक मरोळमध्ये दार ठोठावतो, तेव्हा भिंत कशाची, असे विचारतो. तो ज्या जिन्याने वर आलेला असतो, त्याच्या पायथ्याशी खांबांच्या मधोमध मोटारी उभ्या असतात. त्याच्या प्रश्नावलीत त्यांच्यासाठी रकाना नाही.